मोरपा, कोंत द

झां-फ्रेदेरिक फेलिपो, कोंत द मोरपा (९ जुलै १७०१ – २१ नोव्हेंबर १७८१). पंधरावा व सोळावा लुई या फ्रेंच राजांचा मंत्री. फेलिपो घराण्यात मंत्रिपद वतनासारखे चालत आले होते. १७१५ मध्ये वडिलांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा ते पद चौदा वर्षांच्या मोरपाच्या नावे झाले. कामकाज त्याने नात्यातल्या ला व्रिलियेरच्या हाताखाली शिकून घेतले आणि १७१८ मध्ये त्याचाच तो जावई झाला.

१७२३ पासून नौदल त्याच्याकडे होते. मंत्र्याची खरी ताकद राजासोबतच्या बैठकीत असे. कागदांचा गठ्ठा घेऊन एकट्याने राजापुढे बसायचे आणि एकेक प्रकरण वाचून दाखवायचे. राजाने कागदावर ‘बाँ’ (ठीक) असे लिहिले की मंजुरी झाली. ही बैठक तुटली की पद नावापुरतेच उरे.

पंधराव्या लुईचा मुख्य मंत्री कार्डिनल फ्लरी याच्या काटकसरीत जहाजबांधणीला पैसा पुरत नव्हता. मोरपाने मग ज्ञानावर भर दिला, आणि त्याची सर्वांत टिकाऊ कामगिरी हीच. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी १७३५ मध्ये पेरूला व १७३६ मध्ये लॅपलँडला मोहिमा गेल्या. ब्रेस्टचा जहाजबांधणीकार ओलिव्हिए १७३७ मध्ये इंग्लंड व हॉलंडच्या गोद्या गुपचूप पाहून आला. १७४१ मध्ये पॅरिसला जहाजबांधणीची शाळा निघाली. ७४ तोफांचे ‘अँव्हँसिब्ल’ हे फ्रेंच जहाज १७४७ मध्ये इंग्रजांनी पकडले आणि पुढे त्याच्याच घाटावर स्वतःची जहाजे बांधली. घाट उत्तम होता. कमी पडली ती जहाजांची संख्या.

१७४९ मध्ये राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्यावरील टवाळीच्या कवितेचा ठपका त्याच्यावर आला. त्याला आधी बूर्जला धाडले, पुढे पाँशार्त्रँ येथील स्वतःच्या गढीत राहू दिले. हा वनवास पंचवीस वर्षे चालला.

१७७४ मध्ये एकोणीस वर्षांच्या सोळाव्या लुईने त्याला सल्ल्यासाठी बोलावले. पंतप्रधान हा किताब नव्हता. पण व्हर्सायमध्ये राजाच्या दालनावरच त्याच्या खोल्या होत्या आणि मधे आतला जिना होता. त्याने अर्थतज्ज्ञ त्युर्गोला अर्थखाते मिळवून दिले, पण त्याच वर्षी बरखास्त पार्लमाँ न्यायालयेही परत आणवली. ही त्याची मोठी चूक. राजाचे फर्मान नोंदवून घेण्याचा अधिकार याच न्यायालयांकडे होता. त्युर्गोच्या सुधारणा त्यांनीच अडवल्या. मे १७७६ मध्ये त्युर्गोचे पद गेले, आणि मोरपाने त्याला सावरले नाही. पुढे अर्थखाते सांभाळणाऱ्या नेकरचेही १७८१ मध्ये तेच झाले.

त्याच्याच अमदानीत, १७७७ मध्ये, सें-ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणिसांशी बोलणी करीत होता. इंग्रज त्याने चांगलेच बिथरले. अमेरिकेच्या बाजूने फ्रान्स १७७८ मध्ये युद्धात उतरला. इंग्रजांवरील यॉर्कटाउनच्या विजयाची बातमी व्हर्सायला पोहोचली, तेव्हा मोरपा मृत्युशय्येवर होता.