टाकी भरली, तरी नळ चालूच

12 मेच्या परिचारिका दिनानिमित्त नाशिकच्या गंगापूर रोडवर एक व्याख्यान ऐकलं. वक्ते म्हणाले, "मन खंबीर असेल तर ताण येतच नाही." शेजारी माझी मावसबहीण बसली होती. शहरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात ती केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. ती नुसती हसली. मला मात्र राहवलं नाही.

एप्रिल 2020 मध्ये एसटी बंद होती आणि मालेगावात कोरोनाचे रुग्ण वाढत होते. सुरगाणा, पेठ, धुळ्याचे पेशंट तिला फोन करायचे, "सिस्टर, येऊ की नको?" आता काय सांगायचं? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळ गाठतात. 'काउंट पडला' म्हणतात तो हाच. अशात कोरोना झाला तर जिवावर बेतायचं. बरं, घरीच थांबा म्हणावं, तर गाठ काही लॉकडाउन पाळत नाही. तोंडा-घशाच्या कॅन्सरला 'शेक' म्हणजे रेडिएशन सुरू असेल, तर साधारण चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. म्हणून मध्ये खंड चालत नाही. देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांत त्या मार्च ते मे दरम्यान नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा 54 टक्क्यांनी घटली होती. म्हणजे कामाचा बोजा कमी झाला? नाही. न आलेल्यांची काळजी डोक्यात राहिली.

योग्य काय ते कळतं, पण परिस्थिती ते करू देत नाही. या अवस्थेला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नैतिक घुसमट म्हणावी असं नाव दिलं. ती शरीरात कशी उतरते, ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतो. त्याच्या खाली लोंबणारी पीयूषिका ग्रंथी मग एसीटीएच हे दुसरं संप्रेरक रक्तात पाठवते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तयार करतात, रक्तातली साखर वाढते आणि अंगात धावपळीचं बळ येतं. खरी गंमत पुढे आहे. हेच कॉर्टिसॉल मेंदूकडे परत जाऊन सांगतं, "पुरे, आता थांबव." गच्चीवरच्या टाकीतला चेंडू आठवा. पाणी भरलं की तो वर येऊन नळ बंद करतो. मेंदूच्या पेशींत कॉर्टिसॉल धरणारे ग्राही (रिसेप्टर) दोन प्रकारचे असतात. एक थोड्याशा कॉर्टिसॉललाही चिकटतो. दुसऱ्याची पकड सैल, तो पातळी चढल्यावरच कामाला लागतो, आणि ताणाच्या वेळी नळ मुख्यतः तोच बंद करतो. ताण महिनोन्महिने चालला की या दुसऱ्याची संवेदनशीलता कमी होऊ शकते. चेंडू अडकतो. त्यात रात्रपाळी. कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. हे घड्याळही बिघडतं.

म्हणून 'कॉर्टिसॉल डिटॉक्स'ची चूर्णं मागवू नका. दीर्घ ताणात काहींची पातळी वाढते, काहींची उलट मंदावते. रक्त तपासून बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाणं, ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तो आजार नाही, कामाच्या ठिकाणातून उद्भवणारी स्थिती आहे. एप्रिल 2021 मध्ये कापूर-ओवा-लवंगेच्या पोटलीने ऑक्सिजन वाढतो हा मेसेज अशाच विश्वासाने फिरत होता. आमच्या मावशीनेही लेकीच्या पर्समध्ये एक पोटली घातली होती. त्याच महिन्यात आपल्या नाशकात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले.

2004 मध्ये ताणावरच्या, प्रयोगशाळेतल्या 208 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कशाने चढत होतं? परिणाम आपल्या हातात नाही आणि वर लोक आपल्याला जोखत आहेत, या जोडीने. बहिणीच्या त्या फोनमध्ये दोन्ही होतं.

तिला विचारलं, मग सावरलीस कशाने? म्हणाली, "जूनपासून 'येऊ की नको'चं उत्तर डॉक्टर मिळून ठरवायचे आणि फाइलवर लिहून द्यायचे. मी फक्त वाचून दाखवायचे. ड्युटीचा तक्ताही आठ दिवस आधी लागायला लागला. तेव्हा कुठे झोप लागली."