शेंगा चटणी, डाळिंब आणि रक्तातला खवटपणा

सोलापुरात शेंगा चटणी उखळात कांडायची ती तेल सुटेपर्यंत. सगळी चव त्या तेलात. पण मे महिन्यात त्याच चटणीचा डबा उन्हाच्या खिडकीत महिनाभर राहिला, की झाकण उघडताच नाक सांगतं, खवट झाली. बुरशी नाही, आंबलेली नाही, तिखट-मीठ जागच्या जागी. तेलाला तेवढं हवेतल्या ऑक्सिजनने गाठलेलं असतं.

रक्तातल्या चरबीचंही थोड्या प्रमाणात हेच होत असतं, रोज, निरोगी माणसातही. घडणं आणि रोखणं यांचा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ साली ही संज्ञा रूढ केली. 'स्ट्रेस' या शब्दामुळे हा टेन्शनचा प्रकार आहे असं पुष्कळांना वाटतं. पण हा हिशेब रेणूंचा आहे. हल्ली हेल्थ पॅकेजच्या यादीत 'टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी' नावाची ओळही दिसायला लागली आहे. आकडा मोठा आला की माणूस खूश होतो. हा आनंद बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी असतो. ते कारण कळायला आधी खवटपणा म्हणजे काय ते नीट पाहावं लागेल.

तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात, आणि मध्येमध्ये दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या बेचक्यात सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल असतो. एखाद्या मुक्त मूलकाने, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणाऱ्या रेणूने, तो हायड्रोजन ओढला की साखळीवर एकटा इलेक्ट्रॉन उरतो. तिथे ऑक्सिजन येऊन चिकटतो. आता ही ऑक्सिजनवाली साखळी स्वतःच आक्रमक होते आणि शेजारणीचा हायड्रोजन ओढते. शेजारीण पुढचीला धरते. सुरुवात एकाच रेणूपासून झालेली असते, पण नासतात कित्येक. मध्ये व्हिटॅमिन ई आलं तर ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि साखळी तुटते. हायड्रोजन गमावलेलं व्हिटॅमिन ई इतकं मंद असतं की ते पुढे कुणाला त्रास देत नाही. व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा पूर्ववत करतं.

हे सगळं सुरू करणारं हायड्रॉक्सिल मूलक नॅनोसेकंदाच्या घरात संपतं. सुई टोचून ते ट्यूबमध्ये पकडणं अशक्य. म्हणून मागे राहिलेला भुगा मोजायचा. त्यातला सर्वांत प्रसिद्ध तुकडा मॅलॉनडायअल्डिहाइड, थोडक्यात एमडीए: तीन कार्बनचा रेणू, दोन्ही टोकांना अल्डिहाइड. तो प्रामुख्याने तीन किंवा अधिक दुहेरी बंध असलेल्या चरबीतून निघतो. शेंगदाण्याच्या तेलात एक-दोन बंधवालीच चरबी जास्त, त्यामुळे चटणीचा वास मुख्यतः हेक्सानलसारख्या दुसऱ्या तुकड्यांचा असतो. रक्तात मात्र चार बंधांचं ॲराकिडोनिक आम्ल भरपूर आहे, तिथे एमडीए सापडतो.

चाचणी जुनी आणि स्वस्त आहे. १५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, ०.३७५ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल (टीबीए) आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं मिश्रण करायचं. टीबीए गार पाण्यात विरघळायला कुरकुर करतं, किंचित कोमट करावं लागतं. १ मिलिलिटर प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्ताच्या पातळ भागात, हे मिश्रण २ मिलिलिटर घातलं की प्रथिनं दह्यासारखी फुटतात. ट्यूब उकळत्या पाण्यात १५ मिनिटं. एमडीएचा एक रेणू टीबीएचे दोन रेणू धरतो आणि हळूहळू गुलाबी रंग चढतो, अगदी फिका, पांढऱ्या कागदासमोर धरला तरच दिसणारा. गार करून, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी ५३२ ते ५३५ नॅनोमीटरवर वाचायचं, म्हणजे त्या रंगाचा प्रकाश ते किती शोषतं ते यंत्रावर पाहायचं. आकडा ०.१० आला असं धरू. त्याला या गुलाबी रेणूच्या ठरलेल्या गुणांकाने, १,५६,००० ने, भागा: लिटरमागे ०.६४ मायक्रोमोल. प्लाझ्मा तिप्पट पातळ झालेला होता, म्हणून तीनने गुणा. उत्तर १.९.

इतकं सोपं असूनही हा आकडा बेभरवशाचा, कारण उकळणं हीच मोठी गडबड आहे. प्लाझ्मात चरबी आहे, लोखंडाचे कण आहेत, वर हवा आहे. त्यात उष्णता दिली म्हणजे आपण ट्यूबमध्येच ताजी चटणी खवट करतो आणि तो खवटपणा पेशंटच्या नावावर टाकतो. यासाठी मिश्रणात बीएचटी घालतात, खाद्यपदार्थांतल्या तेलाला खवटपणा येऊ नये म्हणून वापरतात तेच. दुसरं, टीबीए काही एकट्या एमडीएशी एकनिष्ठ नाही. साखर, बिलिरुबिन, इतर अल्डिहाइडं यांच्यामुळेही रंग येतो किंवा वाढतो, त्यामुळे डायबिटीस किंवा कावीळ असलेल्यांचे आकडे फुगतात. तेच मिश्रण एचपीएलसी या रेणू वेगळे करणाऱ्या यंत्राच्या नळीतून नेऊन खरा गुलाबी रेणू वेगळा काढला की १.९ चा आकडा बऱ्याचदा १ च्या आत येतो. शिवाय रक्त काढताना सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर प्लाझ्मा लालसर होतो आणि हिमोग्लोबिनमधलं लोखंड उकळताना आगीत तेल ओततं. असं सॅम्पल टाकून द्यावं, 'चालतंय की' म्हणू नये.

सोलापूरच्या उन्हाचाही इथे संबंध आहे. पारा चाळिशीपार असताना घरी काढलेलं रक्त दुचाकीच्या डिकीतून दुपारी फिरत राहिलं, तर लॅबमध्ये पोहोचतो तो वेगळाच पदार्थ. व्हिटॅमिन सी तर काही तासांत घसरतं. रक्त बर्फाच्या डब्यात हवं, पण बर्फाला थेट टेकलेलं नको, गोठलं की पेशी फुटतात. प्लाझ्मा लगेच वेगळा करायचा, आणि त्याच दिवशी चाचणी होणार नसेल तर उणे ७० किंवा ८० अंशांत ठेवायचा. साध्या फ्रीजरच्या उणे २० अंशांतही चरबीचं ऑक्सिडेशन हळूहळू चालूच राहतं.

यापेक्षा भरवशाच्या चाचण्या आहेत. एफ-२ आयसोप्रोस्टेन, म्हणजे चरबीच्या खवटपणातून निघणारा दुसरा एक रेणू, मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. महाग आहे आणि बहुधा संशोधनापुरती. हा खवटपणा रोखणारी शरीरातली एन्झाइमं, एसओडी आणि कॅटॅलेज, आणि ग्लुटाथायोन यांचीही मोजणी होते. या यादीत मी एक गोष्ट धरत नाही: शिबिरात हातात धातूची दांडी धरायला देऊन मिनिटभरात 'फ्री रॅडिकल लेव्हल'सकट ३०-४० पानांचा रिपोर्ट छापून देणारं यंत्र. रक्ताचा थेंबही न घेता एमडीए मोजायचा मार्ग दांडीत नाही. दांडी आणि अंगारा यांत फरक इतकाच, की दांडीला प्रिंटर जोडलेला असतो.

आता कपॅसिटी, म्हणजे रोखण्याची ताकद. सर्वांत सुटसुटीत पद्धत फ्रॅप, आयरिस बेन्झी आणि जे. जे. स्ट्रेन यांनी १९९६ साली मांडलेली. तीन द्रावणं: ३.६ पीएचचा ॲसिटेट बफर, टीपीटीझेड नावाचं रसायन आणि फेरिक क्लोराइड, १० : १ : १ या प्रमाणात, रोज ताजी मिसळायची. रंग पिवळसर. त्यातल्या ३ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा टाकला की प्लाझ्मातले पदार्थ फेरिक लोखंडाला इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतात आणि द्रावण निळं होतं, शाईसारखं. ३७ अंशांवर चार मिनिटांनी ५९३ नॅनोमीटरवर वाचायचं. तुलनेसाठी फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस, तेही ताजं. शिळं झालं की स्वतःच गंजतं. आणि इथे ट्यूब बदलावी लागते. एमडीएला जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब चांगली, कारण ईडीटीए लोखंडाला बांधून ठेवतं. फ्रॅपला नेमकं हेच नको, कारण इथे रंग लोखंडातूनच यायचा आहे. म्हणून हिरव्या टोपणाची हेपरिन ट्यूब किंवा साधं सीरम. दोन्ही चाचण्या एकाच जांभळ्या ट्यूबमधून करणाऱ्या लॅबचा फ्रॅप वाचूच नये.

पण हे इलेक्ट्रॉन देतं कोण? निम्म्याहून जास्त, साधारण ६० टक्के, युरिक ॲसिड. तेच, जे वाढलं की पायाचा अंगठा सुजतो. युरिक ॲसिडचा एक रेणू फ्रॅपमध्ये दोन लोखंडांचं काम करतो. डेसिलिटरमागे ४ मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे २३८ मायक्रोमोल. दुप्पट केले की फ्रॅपमध्ये ४७६. गाऊटच्या माणसाचं ९ असेल तर ५३६ मायक्रोमोल, फ्रॅपमध्ये १०७०. म्हणजे गाऊटवाला किंवा किडनी थकलेला माणूस 'अँटिऑक्सिडंट कपॅसिटी'त पहिला नंबर काढू शकतो. व्हिटॅमिन सीचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास, आणि गोळ्या कितीही घेतल्या तरी रोजची पातळी साधारण ७०-८० मायक्रोमोलवर अडते, बाकीचं लघवीवाटे जातं. पेशींच्या आत सर्वांत जास्त राबणारं ग्लुटाथायोन तर फ्रॅपमध्ये जवळजवळ दिसतच नाही. आणि ही सगळी मोजणी संत्र्याच्या रसाइतक्या आंबट द्रावणात, रक्ताचा पीएच ७.४ असताना.

२००४ साली अमेरिकेत सहा जणांना पाच-पाच सफरचंदं खायला देऊन फ्रॅप मोजलं. आकडा वाढला. मग सफरचंदांत असतं तेवढंच फ्रुक्टोज पाण्यात विरघळवून दिलं, तेव्हाही वाढला! यकृत फ्रुक्टोजवर प्रक्रिया करताना एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, भराभर खर्च करतं, त्याच्या उरलेल्या तुकड्यांतून युरिक ॲसिड बनतं. सफरचंदातल्या अँटिऑक्सिडंटांचा त्या वाढीत हात नव्हता.

हे आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगायला हवं. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि भगवा या वाणाच्या रसाच्या बाटलीवर अँटिऑक्सिडंटचा आकडा असतोच. डाळिंबातला मुख्य ऐवज प्युनिकॅलॅजिन, तो दाण्यांपेक्षा सालीत जास्त. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात तो उतरतो, घरी सोललेल्या दाण्यांत फारसा नसतो. रक्तातही तो जसाच्या तसा जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात, तेही सगळ्यांच्या आतड्यात होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या ओरॅक (अँटिऑक्सिडंट ताकद मोजायची आणखी एक पद्धत) आकड्यांचा तक्ता २०१२ साली मागे घेतला, कारण परीक्षानळीतला आकडा शरीरात काय होतं ते सांगत नाही आणि कंपन्या तो जाहिरातीला वापरत होत्या. डाळिंब खावं, छान फळ आहे, पण आकड्यासाठी नको.

गोळ्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. विड्या ओढणाऱ्याने 'बॅलन्स करायला' म्हणून ही गोळी घेऊ नये.

रिपोर्टवर नुसतंच 'टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी १३००' असं लिहिलेलं असेल, तर काउंटरवर चार गोष्टी विचाराव्यात: पद्धत कोणती, ट्यूब कोणत्या टोपणाची, रक्त काढल्यापासून मशिनवर जायला किती तास लागले, आणि त्याच दिवशीचं युरिक ॲसिड किती. चौथ्याचं उत्तर मिळालं, की त्याला १६८ ने भागून हजाराने आणि मग दहाने गुणायचं आणि शेवटी दोनने. निम्म्याहून जास्त रिपोर्ट तिथल्या बाकावर बसूनच लिहून होतो. ४ ला हे करून पाहू: ४ गुणिले १०, भागिले १६८, गुणिले १,०००, मग दुप्पट. ४७६. दशांशचिन्हाची चूक छापील रिपोर्टांतही होऊ शकते, म्हणून एककही बघून घ्यावं, मायक्रोमोल की मिलिमोल.