एका गादीवर किती बॅच?

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये कधी गेलात तर एकदा उकिडवे बसा आणि नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर न्या. उभ्यानं जो वास नुसता उग्र वाटला होता, तो तिथे डोळ्यांत पाणी आणतो. पिल्लू दिवसरात्र तीच हवा आत घेत असतं. शेडच्या मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "वास कुठाय?" तो खोटं बोलत नसतो. रोजच्या अमोनियाला नाक सरावतं आणि मग सांगायचं बंद होतं. म्हणून मी शेडमध्ये शिरल्यावर पहिल्या मिनिटात आलेल्या वासावरच विश्वास ठेवते आणि तो वहीत लिहून मगच पुढे जाते.

हा वास कोंबडीचा नसतो, तिच्या पायाखालच्या गादीचा असतो. आपल्याकडे गादी म्हणजे बहुतेक ठिकाणी भाताचं तूस, कुठे लाकडाचा भुसा, कुठे भुईमुगाची टरफलं. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला दोन-अडीच इंच जाडीची गादी घालायची तर अंदाजे तीन टन तूस लागतं. करार पद्धतीत पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं असतं. शेड, वीज, मजुरी आणि तूस बहुधा शेतकऱ्याचं. तुसाला वीटभट्ट्या आणि बॉयलरवालेही गिऱ्हाईक असल्यामुळे ते स्वस्त राहिलेलं नाही. मग वर्षाला पाच-सहा बॅच, म्हणजे एकत्र वाढवून विकायच्या पिल्लांच्या तुकड्या, घेणाऱ्याच्या मनात साहजिकच येतं, की मागच्या बॅचचं तूस अजून बरं दिसतंय, त्यावरच पुढची पिल्लं सोडली तर?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर द्यायचं तर आधी गादीत काय चालतं ते बघावं लागेल.

दोन किलोची कोंबडी तयार होईपर्यंत तीन किलोहून जास्त खाद्य खाते आणि त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. म्हणजे पाच हजार पक्ष्यांची एक बॅच तीसेक हजार लिटर पाणी पिते. दहा हजार लिटरचे तीन टँकर! त्यातलं थोडंच अंगात राहतं. बाकीचं श्वासावाटे हवेत आणि विष्ठेवाटे गादीत जातं. तूस ते शोषतं, कोंबड्या पायानं उकरून त्याला हवा देतात आणि वारा ते उडवून नेतो. हा फेरा चालू असतो तोवर गादी चांगली. शेडच्या बाजूचे पडदे बंद राहिले, पाण्याचा ड्रिंकर गळू लागला किंवा पावसाळ्यात हवेतच ओल भरली की फेरा अडतो, आणि गादीची ढेप बनते.

वास येतो तो युरिक आम्लातून. पक्षी नको असलेलं नायट्रोजन आपल्यासारखं पातळ लघवीतून टाकत नाहीत. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे तेच. गादीतले जिवाणू ते पचवत जातात आणि शेवटी अमोनिया सुटतो. ओल जितकी जास्त तितकं त्यांचं काम जोरात. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाऊ देऊ नये असा सर्वमान्य दंडक आहे; युरोपीय संघानं २००७ च्या ब्रॉयलर नियमांत तो २० पीपीएमवर आणला. त्यापलीकडे श्वासनलिकेतल्या बारीक केसांची झाडलोट मंदावते. हे केस धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढत असतात. ते लुळे पडले की राणीखेत म्हणजे मानमोडी असो की साधा ई. कोलाय, जंतूंना वाट मोकळी. नंतर औषधाच्या बाटल्या येतात, पण दुखण्याचं मूळ पायाखालीच राहतं.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. मूठभर गादी घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. अजिबात चिकटलीच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी. किंचित चिकटून हळूच फुटली तर ठीक. ओल साधारण २० ते ३० टक्क्यांत आहे. ही परीक्षा ड्रिंकरखाली, भिंतीकडेला आणि मधोमध अशी तीन जागी करावी. नुसती दारापाशी करून समाधान मानू नये.

वास आला की आपल्याकडे हात चुन्याकडे जातो. इथे थांबायला हवं. चुना अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी गादीत अमोनिया वायू होऊन उडायला सोकावतो. म्हणजे पिल्लं आत असताना पडदे बंद करून चुना मारला तर दिलासा मिळायच्या ऐवजी त्यांच्या नाकाशी वायूचा लोट उठतो. रिकाम्या शेडमध्ये, सगळे पडदे उघडून मारलेला चुना उपयोगाचा आहे. जे उडायचं ते पिल्लं यायच्या आधी उडून जातं. पक्षी आत असताना आम्लधर्मी काहीतरी हवं. अमेरिकेत यासाठी ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे तुरटीचंच भावंड, गादीत मिसळतात. आम्लात अमोनिया अमोनियम होऊन गादीतच अडकतो, आणि तोच पुढे शेतात खत म्हणून कामाला येतो.

आता पुनर्वापराचं. अमेरिकेत एकाच गादीवर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ बॅच घेतात. दोन बॅचच्या मध्ये फक्त ढेपा काढतात. ब्राझीलमध्येही हीच रीत. हा नुसता कंजूषपणा नाही. १९४० च्या दशकात ओहायोच्या कृषी प्रयोग केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन यांना दिसलं, की जुन्या, मुरलेल्या गादीवरची पिल्लं नव्या गादीवरच्यांपेक्षा चांगली वाढतात. त्यातला एक भाग नंतर उलगडला: गादीतले जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व तयार करत होते, आणि पिल्लं ते टिपून खात होती. हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळं काढलं गेलं. आज ते खाद्यातच घालतात, त्यामुळे तो फायदा उरलेला नाही.

दुसरा फायदा मात्र अजून आहे, आणि मला तो फार विलक्षण वाटतो. १९७३ मध्ये टर्नबुल आणि स्नोयेनबॉस यांनी दाखवलं, की बराच काळ वापरलेल्या गादीत साल्मोनेला हा रोगजंतू टिकत नाही: तिथला अमोनिया, वाढलेला पीएच (अल्कधर्मीपणा) आणि जिवाणूंना मिळेल असं पाणीच कमी असणं, हे सगळं त्याला मारक ठरतं. त्याच वर्षी फिनलंडच्या नुर्मी आणि रांतला यांनी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना दिले, तर त्या पिल्लांत साल्मोनेलाला जागाच मिळेना. जुन्या गादीतही मोठ्या कोंबड्यांचे असेच जिवाणू असतात. जागा आधीच भरलेली असली की नव्याला पाय ठेवता येत नाही.

पण हीच गादी रोगाची कोठीही असते. कॉक्सी, म्हणजे रक्ती हगवण, हिची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा बिनधोक असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकून रोग देणारी होतात. त्यांचं कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. गंबोरोचा विषाणू तर त्याहून चिवट. अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या गंबोरो गावाजवळ १९६२ च्या सुमारास सापडलेल्या या रोगाचा विषाणू रिकाम्या शेडमध्येही महिनोन्‌महिने तग धरतो, आणि ५६ अंश उष्णतेत पाच तास ठेवला तरी मरत नाही. गादीतले काळे किडे आणि त्यांच्या अळ्या त्याला बॅचमागून बॅच वाहून नेतात. जिथे गंबोरो, मरेक्स (विषाणूनं होणारा गाठींचा रोग) किंवा मानमोडी येऊन गेली, तिथलं तूस पुन्हा वापरायचा विचारसुद्धा करू नये. आणि बर्ड फ्लू असेल तर प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू सापडला. असा रोग निघाला की पक्ष्यांबरोबर अंडी, खाद्य आणि गादीचीही विल्हेवाट लावावी लागते.

म्हणून कोणी मला आकडा विचारला, की एका गादीवर किती बॅच, तर मी आकडा देत नाही. मर किती झाली, कोणत्या दिवशी झाली आणि कशानं झाली ते विचारते. बॅच निरोगी गेली असेल आणि गादी कोरडी असेल तर पुढचं काम करण्यासारखं आहे. आधी ढेपा आणि मेलेल्या कोंबड्या वेचून बाहेर काढायच्या. कुजलेली कोंबडी खतातून रानात गेली आणि तिथे गुरं चरली, तर बोट्युलिझमनं गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत. मग उरलेल्या गादीचा शेडच्या लांबीभर कमरेइतका वरंबा ओढायचा. ओल पुरेशी असेल तर दोन-तीन दिवसांत आत ५५ अंशांच्या वर उष्णता चढते. हात खुपसला तर क्षणभरही ठेववत नाही. तीन-चार दिवसांनी बाहेरचं आत, आतलं बाहेर करून वरंबा पुन्हा लावायचा, कारण वरची साल तापलेलीच नसते. तेवढेच दिवस थांबायचं, मग पसरायचं, आणि पसरल्यावर निदान चार दिवस पडदे उघडे. दोन बॅचमधल्या पंधरवड्यात हे सगळं बसतं. घाई झाली तर काम करूच नये. अर्धवट तापलेला ढीग म्हणजे जंतूंचं पाळणाघर.

गादी बाहेर काढून टाकायची ठरली, तर उलट चूक होते: जमीन खरवडण्याआधीच जंतुनाशक फवारतात. विष्ठेचा थर जंतुनाशक आधी स्वतःच खाऊन टाकतो. खरवडणं, धुणं, वाळवणं, आणि मग फवारणी. क्रम बदलला की पैसे पाण्यात.

जुन्या गादीवरही ब्रूडिंगच्या गोलात, पिल्लांच्या पहिल्या आठवड्याच्या जागेत, दोन इंच नवं तूस घालायचंच. तिथे वाचवलेली पोती सगळ्यात महाग पडतात. पिल्लं यायच्या आदल्या दिवसापासून ती जागा तापवायची, नुसती हवा नाही, तूससुद्धा. पिल्लं सोडली की दोन तासांनी एकेक उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावून बघायचे. गार लागले तर आपण हवा तापवली होती, गादी नाही.