नवं लायसन्स, पहिलं चलन: दंड भरायचा की हरकत घ्यायची?

चलन आलं की घरात पहिलं वाक्य येतं, "पाचशेच रुपये आहेत, भरून टाक." बहुतेक वेळा तेच योग्य असतं. पण ज्याचं लायसन्स नवं आहे त्याने पैसे भरण्याआधी चलनावरचं कलम नीट वाचावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे दंड भरला की खटला चालत नाही, पण तो गुन्हा तुमच्या नावावर धरला जातो. पुन्हा तेच घडलं तर ते दुसऱ्यांदा केलेलं ठरतं.

हेल्मेटचंच घ्या. 2019 च्या दुरुस्तीत केंद्राने 1000 रुपये दंड ठरवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नाटक सरकारने तो 500 वर आणला. दंड कमी झाला, पण कलम 194 डी मध्ये तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे आणि दंड भरल्याने ती कारवाई टळत नाही. ट्रिपल सीटलाही तेच. कॉलेजला गाडीवरून जाणाऱ्यांनी या दोन गोष्टी तरी लक्षात ठेवाव्यात. दारू पिऊन गाडी चालवणं मात्र किरकोळ नाही, ते थेट कोर्टात जातं.

आधी चलन खरं आहे का ते तपासा. व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली तर उघडू नका, त्यातून बँक खाती रिकामी होतात. परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा किंवा चलनाचा नंबर टाका. फोटो मोठा करून नंबरप्लेटचा एकेक आकडा, गाडीचा रंग, ठिकाण आणि वेळ पाहा.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, चलन कुठल्या राज्याचं आहे ती. बेळगावहून वेंगुर्ले रस्त्याने शिनोळीत शिरलात किंवा निपाणीहून कागलला गेलात की तुम्ही महाराष्ट्र पोलिसांच्या हद्दीत असता. गाडी केए 22 ची असो की एमएच 09 ची, जिथे गुन्हा घडला तिथल्या राज्याचा दर लागतो आणि पैसे त्याच राज्याकडे भरावे लागतात.

चूक आपली असेल तर मुदतीत भरून मोकळं व्हा. रस्त्यावर भरलात तर यंत्रातून निघालेली पावती घेतल्याशिवाय हलू नका. कर्नाटकात 2023 च्या फेब्रुवारीत आणि 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात थकीत चलनांवर 50 टक्के सवलत मिळाली होती. पुन्हा मिळेल या आशेवर थांबू नये. चलन थकलं की गाडी नावावर करण्यासारखी आरटीओची कामं अडतात, आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल तर तो त्रास त्यांना होतो.

गाडीच तुमची नसेल किंवा नंबर चुकीचा वाचला असेल तर मात्र भरू नका. गाडीचा मालक किंवा चालक हरकत घेऊ शकतो. चलनाची प्रत, आरसी, लायसन्स, विमा, ओळखपत्र आणि गाडीचे समोरून-मागून काढलेले फोटो जोडा. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा, म्हणजे गॅरेजची तारखेची पावती किंवा कंपनीच्या गेटवरची नोंद, फार उपयोगी पडतो. बेळगाव शहरातलं चलन असेल तर उत्तर किंवा दक्षिण वाहतूक पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लायसन्स घरी राहिलं म्हणून चलन होत असेल तर डिजिलॉकरमधलं दाखवा. नियम 139 प्रमाणे ते चालतं, फोनमधला साधा फोटो चालत नाही.

प्रकरण ऑनलाइन वाहतूक न्यायालयात गेलं तर तिथे दोन पर्याय दिसतात: दंड भरणे किंवा खटला लढवणे. लढवायचं निवडलं की ते नेहमीच्या कोर्टाकडे जातं. तिथे समन्स बहुधा कन्नडमध्ये येतं. मजकूर कळल्याशिवाय सही करू नका, कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्या. आरोप समजला नाही तर न्यायाधीशांना तसं सांगा. समजावून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. लोकअदालतीतही तडजोडीची प्रकरणं घेतली जातात.

पैसे भरा किंवा हरकत मान्य होवो, चार दिवसांनी संकेतस्थळावर चलन बंद दाखवतंय का ते पाहून त्याची प्रत काढून ठेवा.