गिटारचा टोन आणि बँडचा साउंड

गोव्यातल्या आमच्या माशेल गावी, आमच्या वाड्यावरचा म्हणजे वस्तीतला एक मुलगा चतुर्थीच्या सुट्टीत नवी गिटार घेऊन आला. गिब्सन एसजीच्या घाटाची, सोबत मार्शलचा छोटा अँप. एसी/डीसी या रॉक बँडची गाणी त्याला तोंडपाठ. एक रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, वाजवून दाखवला आणि म्हणाला, "काका, टोन तर तोच आलाय. मग त्यांच्यासारखं का वाटत नाही?"

टोन आणि साउंड हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, तिथेच घोळ होतो. टोन हा एका वाद्याचा आवाज. लाकूड, पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग), तारा, अँप आणि वाजवणाऱ्याची बोटं यांतून तो घडतो. खोलीत एकट्याने बसून तो काढता येतो, बराचसा विकतही मिळतो. साउंड मात्र चार-पाच जण एकत्र वाजवू लागल्याशिवाय जन्मालाच येत नाही. कोण मात्रेच्या केसभर पुढे, कोण मागे, कोण कुठे हात आवरतो, कोण कुणाकडे कान देतो, यावर तो ठरतो.

घुमट या आमच्या आरतीतल्या मातीच्या, कातडं मढवलेल्या वाद्याचंच पाहा. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं आणि बकऱ्याचं कातडं आलं. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हाही वाद्य हेच नवं होतं. टोन बदलला, यात शंका नाही. जुना घुमारा ज्यांनी ऐकलाय त्यांना तो फरक आजही बोचतो. पण रात्री लांबून आरती ऐकू आली की ती कुठल्या वाड्याची हे आम्ही अजून सांगतो. काठ्यांनी वाजणारं शामेळ कुठे वजन टाकतं, कासाळं म्हणजे झांजा कुठे थांबतात, लय कधी चढते, ते कातड्याबरोबर गेलं नाही.

एसी/डीसीमध्ये नेमकं हेच घडलं. १९ फेब्रुवारी १९८० रोजी गायक बॉन स्कॉट गेला. ब्रायन जॉन्सन आला आणि २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' बाजारात होता. गायकाचा गळा हा बँडमधला सगळ्यांत ठळक टोन. तोच बदलला, तरी बँड लगेच ओळखू आला. कारण साउंडचा कणा ऱ्हिदम गिटार वाजवणाऱ्या माल्कम यंगच्या उजव्या हातात होता. जुनी ग्रेच गिटार, पुढचा पिकअप काढून टाकलेला, जाड तारा, आणि अँपवर गेन, म्हणजे आवाज फाटवणारी पातळी, पुष्कळ कमी. लोकांना वाटतं हा फाटका, भरडा आवाज आहे. कान देऊन ऐका, कॉर्डमधली एकेक तार वेगळी ऐकू येते. जोर आघातात आहे. त्याहून महत्त्वाच्या दोन आघातांमधल्या रिकाम्या जागा. तिथे माल्कम, त्याचा गिटारवादक भाऊ अँगस, बास आणि ड्रम सगळे एकदम गप्प होतात. आमच्या मुलाच्या अँपवर गेन पूर्ण चढवलेला होता, त्यामुळे त्या जागा गुरगुराटाने भरून गेल्या होत्या. २०१४ मध्ये माल्कमच्या जागी पुतण्या स्टीवी आला. त्याने त्या जागा सांभाळल्या, म्हणून २०२० चा अल्बमसुद्धा एसी/डीसीचाच वाटतो.

रोलिंग स्टोन्सचं गणित आणखी नाजूक आहे, आणि मला ते जास्त आवडतं. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स सहावी तार काढून उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी अशा जुळवतो. हा टोनचा भाग, कुणीही दहा मिनिटांत करून पाहावा. पण बहुतेक बँडांत सगळे ड्रमरला धरून चालतात, इथे ड्रमर चार्ली वॉट्स कीथच्या गिटारला धरून वाजवायचा. शिवाय स्नेअरवर (कडक वाजणाऱ्या ड्रमवर) काठी पडताना तो हाय-हॅटवरचा (जोडझांजेवरचा) हात उचलून घ्यायचा. त्यामुळे स्नेअर एकटा, स्वच्छ वाजतो आणि सगळं गाणं किंचित रेलून चालल्यासारखं वाटतं. चार्ली ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. २०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स'मध्ये दोन गाण्यांवर त्याचे ड्रम आहेत, बाकीवर मुख्यतः स्टीव्ह जॉर्डनचे. गिटार त्याच, माणसं बहुतेक तीच. लागोपाठ ऐकलं तर चाल कुठे बदलते ते पायाला कळतं.

टोनला कमी लेखायचं नाही. डीप पर्पल बँडच्या जॉन लॉर्डने हॅमंड हा विजेवर चालणारा ऑर्गन मार्शल अँपमधून काढला आणि तो खरखरीत, भरदार आवाज हीच बँडची ओळख झाली. २००२ मध्ये तो निघाल्यावर डॉन एअरी आला, पण हॅमंड हलला नाही. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने तर वडिलांसोबत घरीच गिटार बनवली, आणि तो ती सिक्सपेन्सच्या नाण्याने वाजवतो. असे टोन बँडच्या साउंडचा मोठा हिस्सा उचलतात, तरी त्याभोवतीचं वाजवणं लागतंच.

त्या मुलाला मी विचारलं, "आपल्या वाड्यावर आरतीच्या शेवटच्या कडव्याआधी शामेळ किती वेळ थांबतं?" त्याने विचार न करता मांडीवर वाजवून दाखवलं. मग गेन अर्ध्यावर आणला, शामेळ वाजवणाऱ्या भावाला हाक मारली आणि त्याच्या हातात दोन काठ्या दिल्या. तोच रिफ, या वेळी दोघांनी मिळून. तिसऱ्या खेपेला दोघेही एकाच जागी थांबले आणि एकमेकांकडे बघून हसले.