ऑन्कोलॉजी नर्सिंग डिप्लोमा: सातारा-सांगलीच्या परिचारिकांनी अर्जाआधी काय तयार ठेवावे

कर्करुग्णांच्या परिचर्येत विशेष प्रशिक्षण घ्यायचे असेल तर सगळ्यात थेट वाट म्हणजे भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमानुसार चालणारा ‘पोस्ट बेसिक डिप्लोमा इन ऑन्कोलॉजी नर्सिंग’. मुदत एक वर्ष. पद्धत रेसिडेन्सीची, म्हणजे वर्गात कमी आणि वॉर्डात, केमोथेरपी डे-केअरमध्ये, रेडिएशन विभागात जास्त.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही पात्रता यापेक्षा वेगळी. परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर (अतिदक्षता) हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असून त्याला बी.एस्सी. नर्सिंग लागते. ऑन्कोलॉजीच्या डिप्लोमाने नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही आणि स्वतःहून औषधे लिहून देण्याचा अधिकारही मिळत नाही. कुणी तसे सांगून प्रवेश देत असेल तर फी भरू नका. तिसरी वाट एम.एस्सी. नर्सिंगची: मेडिकल सर्जिकल नर्सिंगमध्ये ऑन्कोलॉजी ही उपशाखा घेता येते. त्यासाठी बी.एस्सी.ला किमान 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. शिकवण्याकडे किंवा पुढे अधिसेविका पदाकडे ओढा असेल तर ती वाट धरा. रुग्णाच्या खाटेजवळचे काम पक्के शिकायचे असेल तर डिप्लोमाच बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पात्रता

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग, राज्य परिषदेकडे परिचारिका व सुईण अशी दुहेरी नोंदणी, स्टाफ नर्स म्हणून किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव (ऑन्कोलॉजीतला असल्यास उत्तम) आणि शारीरिक तंदुरुस्ती. एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसाविका) आधारे प्रवेश मिळत नाही. अटी एवढ्याच. अर्ज अडतात ते गुणांवर नाही, कागदांवर.

नोंदणी: पहिली तपासणी इथे

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल म्हणजे आपली राज्य परिषद; तिच्याकडच्या नोंदणीचे नूतनीकरण चालू आहे का, हे आधी पाहा. सीएनईचे (परिचारिकांच्या निरंतर शिक्षणाचे) गुण भरले नसतील तर नूतनीकरण अडते आणि मग जाहिरात आल्यावर कार्यशाळा शोधत फिरावे लागते. परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी हा ओळख क्रमांकही काढून ठेवा.

जत, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या अनेकींनी जीएनएम बेळगाव किंवा विजापूरला केलेले असते आणि नोंदणी कर्नाटक परिषदेकडे असते. महाराष्ट्रातल्या संस्थेत जायचे तर कर्नाटकाचा ना-हरकत दाखला घेऊन इथे परस्पर नोंदणी करावी लागते. दोन परिषदांमधल्या पडताळणीला वेळ लागतो. हे काम अर्जाची तारीख जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू करा.

दुसरी अडचण नावाची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, नोंदणीत तिसरेच स्पेलिंग. फक्त विवाह प्रमाणपत्र जोडून काही ठिकाणी चालते, सगळीकडे नाही. राज्य राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून तो कौन्सिलच्या नोंदवहीतही लावून घेतला की प्रश्न कायमचा मिटतो.

अनुभवाचा दाखला

सर्वांत जास्त अर्ज इथे मागे पडतात. ‘सदर परिचारिका आमच्याकडे कार्यरत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली आहे’ एवढ्या मजकुराचा उपयोग नाही. रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पद, वॉर्ड, रुग्णालयाच्या खाटा, जावक क्रमांक, सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि शिक्का, हे सगळे लेटरहेडवर हवे. तारीख नोंदणीच्या आधीची असेल तर तेवढा काळ धरला जात नाही, कारण नोंदणीपूर्वी तुम्ही कायद्याने स्टाफ नर्स नव्हता. लहान खासगी दवाखान्यातला अनुभव असेल तर पगाराचे बँक विवरण सोबत ठेवा.

बाकीचे कागद

दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, नर्सिंगच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका आणि पदविका किंवा पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आधार, फोटो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. त्याची मुदत 31 मार्चला संपते, हे विसरू नका. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला नोंदणीकृत डॉक्टरांचा. हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस पूर्ण असल्याची नोंद जवळ असू द्या. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते लपवू नका. केमोथेरपीची औषधे पेशींना मारणारी असतात, त्यांच्या हाताळणीपासून अशा काळात दूर राहायचे असते आणि संस्था तशी ड्युटी बदलून देऊ शकते.

सरकारी नोकरीत असाल तर

अर्ज योग्य मार्गानेच जायला हवा. आपला मार्ग कोणता, हे ठरते पगाराचे बिल कुठून निघते त्यावर. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नियमित कर्मचाऱ्याचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात असाल तर जिल्हा शल्य चिकित्सकांमार्फत आरोग्य उपसंचालकांकडे. इथे साताऱ्याचे आरोग्य मंडळ पुणे आणि सांगलीचे कोल्हापूर, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या मैत्रिणीच्या अर्जाची नक्कल मारू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आस्थापनेवर असाल तर अधिष्ठात्यांमार्फत वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आणि नवे वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांना जोडलेले असल्याने आस्थापना नेमकी कोणती, हे लिपिकाकडून खात्री करूनच अर्जावर अधिकाऱ्याचे नाव घाला.

अध्ययन रजेसाठी 1981 च्या रजा नियमांनुसार साधारणपणे पाच वर्षांची सेवा लागते, एका वेळी बारा महिन्यांपर्यंत रजा मिळते आणि परत येऊन सेवा करण्याचा बंधपत्र द्यावा लागतो. विभागाचा ना-हरकत दाखला म्हणजे रजा मंजुरी नव्हे. दोन्हींचे वेगळे अर्ज एकाच दिवशी द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या.

संस्था निवडताना

ऑन्कोलॉजी नर्सिंगसाठी त्या वर्षाची मान्यता आहे का, हे भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव पाहून ठरवा. बी.एस्सी.ची मान्यता असली म्हणजे या डिप्लोमाची असतेच असे नाही. विद्यावेतन, वसतिगृह आणि बंधपत्राची अट लेखी मागा. परळचे टाटा मेमोरियल 1941 पासून कर्करुग्णांवर उपचार करते आणि तिथली रुग्णसंख्या हाच मोठा धडा आहे. तिथे मूळ कागद तपासणीला जायचे झाल्यास सांगली, कराड किंवा साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी पकडली की सकाळी दादर गाठते.

निवडीच्या मुलाखतीत काय विचारतात याचा अंदाज अभ्यासक्रमावरूनच येतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध शिरेबाहेर गळले तर पहिले काय: इन्फ्यूजन थांबवणे, कॅन्युला (शिरेतली नळी) लगेच न काढता त्यातूनच औषध मागे ओढणे, मग डॉक्टरांना कळवणे आणि थंड शेक. व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या औषधाला मात्र उबदार शेक, आणि ते पाठीच्या कण्यात गेले तर जीवघेणे, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या बॅगेतून देण्याची पद्धत. केमो पोर्टला (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या साधनाला) 10 मिलीपेक्षा लहान सिरिंज का नको? लहान सिरिंजने दाब वाढून नळी फुटू शकते. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्या भागात घरोघरी असतात. त्यांचे तोंड तपासून कर्करोगाची पूर्वखूण असू शकणारा पांढरा चट्टा ओळखता येतो का, हेही विचारू शकतात.

प्रवेशानंतर प्रात्यक्षिकाचे तास 100 टक्के भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे आजारपणातले बुडालेले दिवस नंतर भरून द्यावे लागतात. डिप्लोमा हाती आला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करा आणि त्या नोंदीची प्रत आस्थापना शाखेत देऊन सेवापुस्तकात चढवून घ्या.