कॉमावाली यादी आणि तिच्या रो: हे सगळं आलं कुठून

महापे, ऐरोलीकडच्या ऑफिसांत जुन्या डेटाबेसवर काम करणाऱ्याला हा कॉलम नवीन नाही, ज्यात कॉमा देऊन आख्खी यादी कोंबलेली असते. समजा दुकानदारांचं टेबल आहे आणि कोण कुठल्या सेक्टरात घरपोच माल देतो त्या कॉलममध्ये '३,१३,२३' असं पडलंय, आता फक्त सेक्टर ३ हवा म्हणून लाइक (मजकुरात तुकडा जुळवून शोधणं) लावलं की १३ पण येतो, २३ पण, ३० पण. मग यादी तोडून प्रत्येक सेक्टरची वेगळी रो, म्हणजे टेबलची ओळ, करावीच लागते.

खरंतर आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० च्या पेपरातच मांडलं होतं की एका खान्यात एकच साधी किंमत असावी. मला वाटतं म्हणूनच यादी तोडायची सोय द्यायची घाई कोणाला नव्हती, पण फायली तर कॉमावाल्याच येत राहिल्या.

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी काय काय नाही केलं! आधी व्हाइल लूप (एकेक तुकडा पुन्हा पुन्हा काढणं), १, २, ३ अशा आकड्यांचं टेबल जोडून तोडणं, मग २००५ च्या व्हर्जनमध्ये एक्सएमएलची (टॅगमध्ये माहिती लिहायची पद्धत) सोय आली तर कॉमाच्या जागी टॅग घालून नोड्स, म्हणजे टॅगमधले तुकडे, काढायचे. युक्ती भारीच, पण दुकानाच्या नावात नुसतं '&' आलं की क्वेरी एरर देऊन थांबते. रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी क्वेरी) पण तेव्हाचंच, ते सेटिंग बदललं नाही तर १०० पायऱ्यांनंतर थांबतं. शेवटी २०१६ मध्ये यादी तोडणारं तयार फंक्शन स्ट्रिंग_स्प्लिट आलं, तेही कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कुठल्या व्हर्जनसारखा वागणार ते सेटिंग) किमान १३० असेल तरच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रमाची खात्री नाही! गाडी आधी कुठल्या सेक्टरात जाणार हे त्या क्रमातच असेल तर काय करायचं? क्रमांकाचा कॉलम मिळाला २०२२ च्या व्हर्जनमध्ये, इतका उशीर व्हायला नको होता.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने यात खरंच बाजी मारली, ८.३ व्हर्जनपासून रेगएक्सने (मजकुराचा पॅटर्न सांगायची पद्धत) तोडून थेट रो मिळतात, ८.४ ला अ‍ॅरेच्या रो करणारं अननेस्ट आलं आणि क्रमांक ९.४ पासून म्हणजे २०१४ लाच. ओरॅकल डेटाबेसमध्ये कनेक्ट बाय (रो तयार करायला) आणि रेगएक्सपी_सबस्टर (पॅटर्नने तुकडा काढायला) ही जोडी चालते, फक्त नेहमीचा '[^,]+' पॅटर्न मधली रिकामी जागा गिळतो आणि पुढचं सगळं एक घर अलीकडे सरकतं, म्हणजे एरर नाही आणि उत्तर चुकीचं. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ८.० पासून जेसन_टेबल (जेसन या स्वरूपातल्या यादीच्या रो करणारं फंक्शन) आहे, त्यामुळे आकड्यांच्या यादीला दोन्हीकडून चौकोनी कंस लावून त्याच्याकडे दिली की रो तयार, क्रमांकासकट.